भोकरच्या पुढची जमिनीखालची भिंत

पृथ्वी स्वतःभोवती फिरते हे मला चौथीत कळलं होतं, पण तिच्या फिरण्याचा माझ्या पायांना त्रास होईल असं पन्नाशीपर्यंत कधी वाटलं नव्हतं. तो झाला. मुरुड, जळकोट आणि भोकरच्या पुढचं एक गाव एवढा प्रवास करून मी घरी परतलो, तेव्हा दोन्ही टाचांना फोड होते आणि विजारीला पट्ट्याऐवजी सुतळी होती. आमच्याकडे ही हकीकत निघाली की बायको सुतळीपासूनच सुरू करते. मी जरा आधीपासून सांगतो.

लातूर जिल्हा होऊन थोडीच वर्षं झाली होती. नवेपणा अजून उतरला नव्हता. कचेऱ्या भाड्याच्या घरांत होत्या. एका मोठ्या साहेबांना भेटायचं तर घरमालकाच्या वाळत घातलेल्या पापडांवरून उडी मारून जावं लागे. आमच्या गल्लीतल्या न्हाव्यानं पाटीवर ‘जिल्हा लातूर’ असं रंगवून घेतलं आणि त्या दिवसापासून तो गिऱ्हाइकाशी कमी बोलू लागला. माझं सायकलचं दुकान. मीही पाटी रंगवली. पाऊस मात्र तालुका असताना जेवढा पडायचा, तेवढाही जिल्हा झाल्यावर पडेना.

माझी भाची सुजाता, थोरल्या बहिणीची मुलगी, भूगर्भशास्त्र शिकून याच नव्या जिल्ह्यात नोकरीला लागली होती. जमिनीच्या पोटात पाणी कुठं असेल ते ताडायचं आणि तिथं बोरसाठी खुंटी ठोकायची, हे तिचं काम. आमच्या घराण्यात जमीन कधी फारशी नव्हतीच. वडिलांनी धम्म घेतला, आम्हाला शाळेत घातलं, त्यातून मी सायकलींपर्यंत पोचलो आणि ही पोरगी थेट पृथ्वीच्या पोटात. तिच्या खात्याचं एक यंत्र होतं. आसपासच्या जिल्ह्यांत मिळून ते एकच होतं, म्हणून तिला नांदेडकडची गावंही करावी लागत.

“पोरगी एकटी फिरणार, तू जा संगं,” अक्का म्हणाली.

“अन् दुकान?”

“या दुष्काळात कोण सायकल घेऊन राहिलंय? चार दिवस बंद ठेव. कुलपालाही आराम.”

अक्कापुढं मी लहानपणापासून बोलत नाही. गेलो.

मुरुड

मुरुडच्या बाजारात सकाळी सुशीला खाल्ली. चुरमुरे भिजवून फोडणीला टाकतात, त्याला आम्ही सुशीला म्हणतो; बाहेरच्या पाहुण्यांना ते एखाद्या नातेवाईक बाईचं नाव वाटतं आणि ते चमकून बघतात. मग गावाबाहेरच्या माळावर गेलो. ड्रायव्हर रशीदभाईंनी जीप इतकी लांब उभी केली की मला वाटलं बिघडली. तसं नव्हतं. जीप म्हणजे लोखंड, आणि सुजाताच्या यंत्राला लोखंडाची सावलीही खपत नव्हती.

यंत्र म्हणजे एका लाकडी काठीच्या टोकाला डबा आणि गळ्यात अडकवायची पेटी. पेटीचं बटण दाबलं की आकडा उमटतो. त्या जागी पृथ्वीचं चुंबक किती जोरात आहे, त्याचा तो आकडा. खाली कोणता दगड आहे त्याप्रमाणे तो किंचित चढतो किंवा उतरतो.

“मामा, अंगावर लोखंड काय आहे?” सुजातानं विचारलं.

“काही नाही,” मी म्हणालो, आणि खिशातून दुकानाच्या किल्ल्यांचा जुडगा काढला.

मग घड्याळ निघालं. मग पट्ट्याचं बक्कल. विजारीचं वरचं बटण तुटल्यामुळं तिथं एक सेफ्टी पिन होती, ती पाठ फिरवून काढावी लागली. छत्री गेली. शेवटी सुजातानं माझ्या चपलांकडं पाहिलं. टाचांना खिळे होते. सायकलच्या दुकानात आयुष्य काढलेला माणूस आतून-बाहेरून किती लोखंडी होतो, हे मला त्या माळावर कळलं. रशीदभाई सगळा ऐवज घेऊन जीपकडं गेले आणि येताना सुतळी घेऊन आले. “बांधो मामा, इज्जत का सवाल है,” म्हणाले.

अशा रीतीनं मी अनवाणी, एका हातानं विजार सावरत आणि दुसऱ्या हातानं मोजणीची दोरी धरत काळ्या दगडावरून चाललो. वैशाखातला तो दगड. पुढं सुजाता काठी घेऊन थांबायची, बटण दाबायची, आकडा लिहायची, पुन्हा चालायची. मी तिच्यामागं नाचत होतो म्हटलं तरी चालेल.

दुपारी एका कोरड्या विहिरीच्या काठावर बसून आम्ही धपाटे खाल्ले. विहिरीत डोकावलं की थर दिसत होते: काळा दगड, मग तांबड्या मातीचा पट्टा, मग पुन्हा काळा.

“हा सगळा रस होता, मामा. जमिनीच्या भेगांतून वर आला, पसरला, थिजला. वरून दुसरा आला. तो येईपर्यंत पहिल्याच्या माथ्याची माती झाली, ती ही तांबडी.”

“म्हणजे आपण भाकरीच्या चवडीवर बसलोय.”

“आणि प्रत्येक भाकरी थिजताना त्या वेळची उत्तर-दक्षिण आपल्यात धरून ठेवते. यातल्या काही थरांत उत्तर दक्षिणेला आहे.”

मी धपाटं खाली ठेवलं. मला वाटलं, उन्हानं तिचं डोकं फिरलं.

“पृथ्वीचं चुंबक मधूनमधून उलटं होतं,” ती शांतपणे म्हणाली. “लाखो वर्षांत कधीतरी. हे दगड तेव्हाचे. आणि तेव्हा ही सगळी जमीन विषुववृत्ताच्या खाली होती, मग सरकत सरकत इथं आली.”

ज्या लातूरला जिल्हा व्हायला एवढी वर्षं लागली, ते एके काळी विषुववृत्ताच्या पलीकडं होतं, ही बातमी मला पचायला वेळ लागला. मी विचारलं, “मग तेव्हा आपण कोणत्या जिल्ह्यात होतो?” ती हसली. त्या प्रवासात ती मनापासून हसली असं आठवतं ते तेवढंच.

जळकोट

जळकोटकडं जमीन उंचसखल आणि माणसं बोलकी. तिथं मला यंत्राची एक खोड कळली. माळावर एका जागी खुंटी ठोकून सुजातानं तिला ‘घर’ म्हटलं. कितीही लांब गेलो, तरी थोड्या थोड्या वेळानं परत त्या घराला यायचं, तिथंच बटण दाबायचं, आकडा लिहायचा आणि पुन्हा जिथं होतो तिथं जायचं. माझ्या टाचांवरचे पहिले फोड याच ये-जा करण्याचे.

एक म्हातारी शेळ्या घेऊन बसली होती. तिसऱ्यांदा आम्ही परतलो तेव्हा ती मला म्हणाली, “पोरीचं लई इसरून राहतंय का काई?”

“हाव,” मी म्हणालो. मलाही तसंच वाटत होतं.

संध्याकाळी लिंबाखाली खाटेवर पाय पसरून मी सुजाताला रीतसर जाब विचारला. तिनं हातात लिंबोळी घेतली.

“ही पृथ्वी. हिच्या पोटात लोखंडाचा गोळा आहे. अगदी मधोमध घट्ट, त्याच्याभोवती वितळलेलं. ते वितळलेलं लोखंड सारखं ढवळलं जातं, आणि पृथ्वी फिरते म्हणून त्या ढवळण्याला वळण लागतं. त्यातून हे चुंबक होतं.”

“मग ते गोळ्याचं ढवळणं बदलतं म्हणून तू मला पळवतेस?”

“ते फार हळू बदलतं. रोजची गडबड वरची आहे. सूर्याच्या उन्हानं पार वरची हवा विजेनं भारते. पृथ्वी फिरताना आपण सकाळी तिच्याखाली शिरतो, दुपारी मधोमध असतो, संध्याकाळी बाहेर पडतो. त्यामुळं एकाच जागेचा आकडा सकाळी वेगळा, दुपारी वेगळा. घरी परत येऊन तो फरक बघायचा आणि बाकीच्या आकड्यांतून वजा करायचा. नाहीतर सूर्याचा हिशोब जमिनीच्या नावावर पडतो.”

म्हणजे माझ्या टाचांना फोड आले ते पृथ्वी फिरते म्हणून. मी तसं तिला सांगितलं. तिनं खोबरेल दिलं.

जळकोटला एक गोष्ट मी पाहिली, ती मुरुडलाही पाहिली होती आणि पुढंही पाहिली. तुम्ही कुणाच्या दारात गेलात की आधी गूळ आणि पाण्याचा तांब्या. दुष्काळातही तांब्या भरलेलाच असतो. त्या घरात एवढंच पाणी असेल हे तुम्हाला कळत असतं, आणि ते तुम्हाला कळलंय हे घरच्या बाईलाही कळत असतं. प्यायलो तर त्यांच्या तोंडचं पितो, न प्यायलो तर त्यांचा अपमान. सुजाता दोन घोट घेऊन तांब्या दोन्ही हातांनी परत द्यायची. मी पहिल्या दिवशी सगळा तांब्या रिकामा केला होता. अजून आठवलं की घसा कोरडा पडतो.

भोकरच्या पुढं

नांदेड मागं टाकून भोकरकडं निघालो तसा दगड बदलला. काळ्या भाकरी संपल्या आणि गुलाबी, खरबरीत, हत्तीच्या पाठीसारखे गोल खडक सुरू झाले. सुजाता खिडकीतून बघत म्हणाली, “हा तर त्या रसाच्या कितीतरी आधीचा. आपल्याकडं हाच खाली आहे, झाकलेला. इथं उघडा पडलाय.”

गावाचं नाव सांगत नाही. पुढं जे झालं त्यात सगळीच माणसं पूर्ण चांगली किंवा पूर्ण वाईट वागली नाहीत, आणि त्यांना अजून एकमेकांत राहायचं आहे. एक ओढा. ओढ्याच्या अलीकडं गाव आणि महादेवाचं देऊळ. पलीकडं बौद्धांची वस्ती, लहानसं विटांचं विहार, त्यात बुद्धाची मूर्ती. ओढा वाळूसकट वाळला होता. टँकर येई तो देवळाजवळच्या विहिरीत ओतला जाई, आणि तिथं पाणी शेंदायच्या दोन रांगा होत्या. गावच्या बाया पुढं. वस्तीच्या बाया बाजूला, गावच्यांचं झालं की मग. कुणी तसं लिहून ठेवलं नव्हतं. सगळ्यांना माहीत होतं.

आमचं स्वागत केलं अप्पांनी. किराणा दुकान, गळ्यात चांदीच्या डबीत लिंग, कपाळाला भस्म. देवळाची व्यवस्था आणि टँकरचं वाटप दोन्ही त्यांच्याकडं. त्यांनी गूळ-पाणी दिलं, सुजाताला नीट न्याहाळलं आणि मग आपल्याकडं विचारतात तसं विचारलं, “गाव कंचं? आडनाव काय?”

सुजातानं दोन्ही सांगितलं. अप्पांनी मान हलवली, अर्धा क्षण जास्त हलवली. मग चहा आला. कपबश्या सगळ्यांना सारख्या होत्या, हे मी बघितलं. माझ्या वयाच्या माणसाची ती सवय जात नाही.

“उद्या दुपारच्याला बोरची गाडी येऊन राहिली,” अप्पा म्हणाले. “एकच भोक. न्हाई लागलं तर गाडी पुढल्या गावाला. आज काय ते बगा बाई.”

सुजातानं मला बाजूला घेऊन काम समजावलं. गुलाबी खडकात कधीकाळी भेग पडून तिच्यातून काळा रस वर आलेला असतो. तो तिथंच उभा थिजतो. जमिनीखाली उभी काळी भिंत. मुरणारं पाणी वाहत येतं आणि त्या भिंतीला अडतं. ती भिंत सापडली तर गाव वाचलं. वरून ती दिसत नाही; यंत्राला कळते, कारण काळा दगड आकडा चढवतो.

देवळापाशी एका मोकळ्या जागी ‘घर’ ठरलं. तिथून सरळ रेघ धरली: देऊळ, ओढा, वस्ती. सकाळभर आम्ही देवळाच्या बाजूनं ओढ्यापर्यंत आलो. आकडे हळूहळू चढत होते. सुजाताची चाल बदलली होती. ओढ्याच्या अलीकडं थांबून जेवायला गेलो.

जेवून परतलो तर ‘घरा’वर मांडव. चार बांबू, वर पांढरं धोतर ताणलेलं, खाली गारवा. सकाळपासून बाई पुन्हा पुन्हा त्याच जागी येऊन उन्हात उभी राहते हे अप्पांनी दुकानातून पाहिलं होतं, आणि त्यांना ते पाहवलं नव्हतं.

सुजातानं बांबू चाचपले, धोतराच्या गाठी पाहिल्या. “अप्पा, यात लोखंड नाही ना? तार, खिळा?”

“न्हाई, बाई. सुतळीनं बांदलंय. सकाळी तुमी सांगितलं तवा माज्या पोराची सायकलबी घराच्या मागं नेली.”

ते खरं बोलत होते. आम्ही सावलीत उभं राहून आकडा घेतला. सकाळपेक्षा बराच चढला होता. सुजाता म्हणाली, दुपारची वेळ आहे. मग ओढा ओलांडून वस्तीकडची उरलेली रेघ पुरी केली.

वस्तीत पारूबाई भेटली. पन्नाशीची, बारीक, आवाज तिच्या अंगापेक्षा मोठा. तिनं सुजाताला कोपऱ्यावरच गाठलं. “कुणाची गं तू, बाय?” सुजातानं सांगितलं. पारूबाईचा चेहरा उजळला आणि लगेच तिनं तो आवरला. “मंग तुला सांगत न्हाई काई,” ती म्हणाली. “जे हाय ते लिव्ह. पर आमी हितं ऱ्हातो, तेवडं बगून जा.”

संध्याकाळी सुजातानं हिशोब केला. दुपारच्या आकड्यांतून घराचा चढ वजा केल्यावर वस्तीकडचे सगळे आकडे खाली गेले. सर्वांत उंच जागा निघाली देवळाच्या बाजूला, ओढ्याच्या अलीकडं. तिनं तसं अप्पांना सांगितलं. अप्पांनी देवळाकडं बघून हात जोडले आणि आम्हाला जेवायला घेऊन गेले.

येसरची आमटी होती. भाजलेल्या धान्याचं पीठ आणि मसाला. मराठवाड्याबाहेर ती मिळत नाही आणि मिळाली तर ती ही नव्हे. मी तिसऱ्यांदा वाटी पुढं केली तेव्हा पाहिलं, सुजाता जेवत नव्हती. ताटाशेजारी आलेखाचा कागद होता.

“मामा, दुपारी आपण नेमके कुठं थांबलो?”

“ओढ्याच्या अलीकडं. त्या बाभळीपाशी.”

“आकडे चढत चढत येतात आणि त्या बाभळीपाशी एकदम कोसळतात. कड तुटल्यासारखे.” ती हळू बोलत होती, अप्पांच्या बायकोला ऐकू जाऊ नये म्हणून. “जमीन जेवायला थांबत नाही, मामा.”

बाहेर अंगणात आल्यावर ती म्हणाली, “घराचा आकडा उन्हानं चढला नाही. मांडवानं चढवला. कसा ते माहीत नाही. तसं असेल तर भिंत ओढ्याच्या पलीकडं आहे.”

“वस्तीत?”

“वस्तीच्या कडेला.”

तिनं माझ्यासमोर काही मांडलं नाही, गरज नव्हती. देऊळ सांगून झालं होतं. लोकांनी हात जोडून झाले होते. आता सकाळी उठून ही पोरगी म्हणणार, पाणी आमच्या लोकांकडं आहे. आणि तिचं आडनाव सगळ्या गावाला पहिल्या चहालाच कळलं होतं. पलीकडं खुंटी ठोकली आणि कोरडं निघालं, तर तिला या तालुक्यात कुणी उभं करणार नाही. पाणी लागलं आणि गावच्या बाया ओढा ओलांडून वस्तीत आल्याच नाहीत, तर अर्ध्या गावाला तहानलेलं ठेवल्याचं खापर तिच्यावरच.

मी मामाला शोभेल असा सल्ला दिला. म्हणालो, “मधोमध ओढ्यात ठोक. दोघांचंही होईल.”

“ओढ्यात पाणी नाही, मामा,” ती म्हणाली. रागावली नाही. उलट माझं उपरणं माझ्या पायांवर टाकलं.

दुसरा दिवस

उजाडताच आम्ही मांडवापाशी गेलो. सुजातानं आत आकडा घेतला, मग लांब जाऊन घेतला, मग एकेका बांबूजवळ. बांबूच्या बुंध्याशी आकडा उड्या मारत होता. तेवढ्यात अप्पा आंघोळ करून आले.

“अप्पा, बांबू कशावर उभे केलेत?”

“जमीन लई टणक, बाई. खड्डा बोटभरच झाला. वारं सुटलं की धोतर उडू लागलं. मंग बुडाला मापं ठिवली आन् वरून माती लोटली.”

त्यांनी पायानं माती सारली. खाली वजनं होती. दुकानातली, वीस किलोची, पाच किलोची, चारी बांबूंना.

“हे लोखंड आहे ना, अप्पा?”

अप्पांनी वजनाकडं पाहिलं, मग तिच्याकडं. “लोखंड म्हंजी कुदळ, पहार, सब्बल. हे तर माप हाय.” एवढं म्हणून ते थांबले. पन्नास वर्षं त्या वस्तूनं ज्वारी तोलणाऱ्या माणसाला ती पहिल्यांदाच लोखंड म्हणून दिसत होती. मीही काल त्या मांडवात उभा होतो. सायकलवाला असून मलाही दिसलं नव्हतं.

सुजातानं त्यांना सगळं सांगितलं. काही लपवलं नाही. देऊळ चुकलंय हेही सांगितलं. अप्पा ऐकत होते. मग खाली बसले, वजनावरची माती पुसली.

“म्हंजी तराजूला आधीच पासंग होता,” ते म्हणाले. “आन् आमी माल तोलून राहिलो.”

“तसंच झालं.”

“मांडव म्या घातला. मीच काढतो.”

त्यांनी धोतर सोडलं, बांबू उपटले, वजनं एकेक करून दुकानाकडं नेली. मला हात लावू दिला नाही. येईपर्यंत घामानं भस्म कपाळावरून उतरलं होतं. तोवर माणसं जमली होती. बोरची गाडी दुपारी येणार, आणि बाई पुन्हा काठी घेऊन निघाली, एवढं पुरे होतं.

“अप्पा, आकडे तुम्ही वाचा,” सुजाता म्हणाली. “मोठ्यानं. सगळ्यांना ऐकू जाईल असं.”

अप्पांनी चष्मा काढून पाहिला, आत लोखंड आहे का बघायला सोनेरी मुलाम्याची काडी दाताखाली धरली आणि तो माझ्याकडं देऊन टाकला. मग गळ्यातल्या डबीवर हात ठेवून म्हणाले, “ही चांदीची हाय. ही काडणार न्हाई.”

“चांदी चालते.”

असे आम्ही निघालो. पुढं सुजाता, तिच्याशेजारी पेटी डोळ्यांपासून लांब धरून आकडे ओरडणारे अप्पा, मागं दोरी धरलेला मी, आणि सगळ्यांच्या मागं, लोखंड घरी ठेवून आलेलं गाव. बायांनी पायातली जोडवी चांदीची आहेत का पितळेची यावर वाद घातला. अर्ध्या तासानं आम्ही ‘घरी’ परत आलो की सगळं गावही परत यायचं. आकडा आता जागचा फारसा हलत नव्हता.

बाभळ आली. अप्पा ओरडले. आकडा चढला होता. ओढा ओलांडला. आणखी चढला. वस्तीची पहिली घरं आली, अप्पांचा आवाज जरा बारीक झाला, पण त्यांनी आकडा गिळला नाही. पारूबाईच्या घरामागं, उकिरड्याच्या कडेला तो सगळ्यांत वर गेला, आणि पुढं उतरू लागला. अप्पा दोनदा मागं जाऊन पुन्हा वाचून आले.

“हितं,” सुजाता म्हणाली.

फेटा बांधलेला एक गृहस्थ पुढं आला. “काल देऊळ, आज वस्ती. आकडे काय, बाई म्हनंल तसे.”

“बाई कुटं म्हणून राहिली?” अप्पा म्हणाले. “मी म्हणून राहिलो. माज्या तोंडावर इश्वास हाय का न्हाई तेवडं बोल.”

“हाय. पर आमच्या बाया हिकडं घागर घिऊन येनार न्हाईत, अप्पा. ते तुमीबी बोलू शकत न्हाई.”

अप्पांनी पेटी सुजाताकडं परत दिली.

पारूबाई घराच्या ओट्यावर उभी होती. “नका येऊ,” ती म्हणाली. “आमी येऊन राहिलोच की इतकी वर्सं तुमच्याकडं. मागं उभं ऱ्हायला.”

सुजातानं कुणाकडंच न बघता खुंटी ठोकली. लाकडी हातोडी होती. आवाज फार झाला नाही.

दुपारी बोरची गाडी आली. यंत्र सुरू झालं की बोलणं ऐकू येत नाही, म्हणून सगळे नुसते बघत उभे. गुलाबी धूळ उडाली, तासनतास उडाली. माझ्या तोंडात, कानात, सुतळीच्या गाठीत धूळ. मग तिच्यात काळे कण दिसू लागले. मी सुजाताला सांगायला वळलो तर ती तिथं नव्हती. लांब उभ्या असलेल्या जीपमध्ये, बोरकडं पाठ करून बसली होती. मी गेलो. “काळा दगड लागला,” म्हटलं. तिनं मान हलवली. वळली नाही.

मी परत बोरकडं. पुन्हा जीपकडं. माझी ये-जा सुरूच होती. उन्हं उतरली तेव्हा आवाज बदलला, धूळ जड होऊन खाली बसू लागली, आणि एकदम राखाडी चिखलाचं कारंजं उठून जमलेल्या सगळ्या माणसांवर पडलं. गावच्या, वस्तीच्या, फेटेवाल्यावरही. पाणी काही फार जोराचं नव्हतं. गाडीवाला म्हणाला, हातपंपाला पुरेल, उन्हाळा काढेल.

मी धावत जीपपाशी आलो. “लागलं,” म्हणालो.

तिनं डोळे मिटले. मग विचारलं, “कोण कोण आहे तिथं?”

मी बघायला लागलो. चिखलानं माखलेली माणसं. कोण कुठल्या काठचं ते इतक्या लांबून सांगता येत नव्हतं. मात्र आवाज येत होता. गाडीच्या पाइपाखाली कुणीतरी घागर सारली होती आणि कुणीतरी ती पायानं बाजूला केली होती. एक आवाज पारूबाईचा होता. दुसरा ओळखीचा वाटला. रात्री मला आमटी वाढणाऱ्या अप्पांच्या बायकोचा होता.

“माज्या दारात पाणी लागलं, पयली घागर माजी.”

“दार तुजं असंल, बोर सरकारची हाय. मी कवाची उभी हाय हितं.”

“उभी हायस तर माज्या मागं हायस.”

सुजाता ऐकत होती. “भांडण लागलंय, मामा?”

“चांगलंच लागलंय. पहिल्या नंबरावरून.”

“म्हणजे रांग एकच आहे,” ती म्हणाली, आणि जीपमधून उतरून बोरकडं चालू लागली.